जमीन गार लागते

गेल्या जानेवारीत ऑफिसच्या कँटीनमध्ये मी सहज बोलून गेलो, "घराचं काम काढलंय, आईच्या खोलीत फ्लोअर हीटिंग बसवायचा विचार आहे." टेबलावर तीन सेकंद शांतता. मग एकाने विचारलं, "म्हणजे जमीन गरम करायची? तळवलीत?" त्यानंतर आठवडाभर माझं नाव 'लेह-लडाख' पडलं होतं. मे महिन्यात घरी बोलवू नकोस, पायाला चटके बसतील वगैरे पीजे वेगळेच.

हसणं साहजिक होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तळवली म्हणजे घणसोली आणि रबाळ्याच्या मधलं गाव. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्यापलीकडे पारसिकचे डोंगर. इथे थंडी पडते ती मुख्यतः बातम्यांमध्ये. जानेवारीतलं सरासरी किमान तापमान सतरा डिग्रीच्या आसपास. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ डिग्री, तोही २२ जानेवारी १९६२ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या बराच आधीचा. आमच्याकडे स्वेटर महाबळेश्वरला जाताना कपाटातून निघतात आणि आल्यावर परत डांबराच्या गोळ्यांत जातात.

तरीही मी हे खूळ डोक्यात घेतलं होतं, आणि त्याला कारण होती आई.

आमचं घर तळमजल्याला. आण्णा माथाडी कामगार होते, मसाला मार्केटला. आयुष्यभर पोती उचलून त्यांनी हे घर घेतलं, आणि २००९ साली त्यात चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या बसवल्या, दोन बाय दोनच्या, पांढऱ्या. (मुंबईत 'लादी', आमच्या साताऱ्याकडे 'फरशी'. आई अजून फरशीच म्हणते.) त्या लाद्यांत तोंड दिसतं याचं आण्णांना कोण कौतुक! पाहुणे आले की आधी खाली बघायला लावायचे. आता आण्णा नाहीत, आणि लाद्याही कोपऱ्यांतून उठायला लागल्यात. म्हणून काम काढायचं ठरलं.

डिसेंबरात आई म्हणायला लागली, "फरशी लई गार लागती रं. पाय ठेववत न्हाई." सकाळी पाच वाजता उठणारी बाई, तिला अनवाणीच वावरायची सवय. घरात चप्पल घालायची म्हणजे तिला देवघरात जोडे घेऊन शिरल्यासारखं वाटतं. मी सतरंजी टाकून दिली, तर तिला तिच्यात पाय अडकायची भीती. मग मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. झोपताना पायाशी घे म्हटलं. (ही पिशवी लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.)

ताई जर्मनीत असते, स्टुटगार्टजवळ. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईने तिच्याकडेही तेच गाऱ्हाणं केलं. ताई लगेच म्हणाली, "अरे, मग जमीनच गरम करा ना! आमच्याकडे सगळीकडे असते. पाय इतके छान राहतात!" जर्मन भाषेत त्याला म्हणतात फूसबोडनहायत्सुंग. हा शब्द उच्चारतानाच निम्मी थंडी जाते :-)

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाला कोणी असा तयार उपाय दिला की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. प्रश्न बाजूला राहतो आणि उपायाचा अभ्यास सुरू होतो. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी वाचत बसलो.

कल्पना फार जुनी निघाली. रोमन लोक स्नानगृहांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलायचे आणि त्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरवायचे. कोरियात ओंडोल. चुलीचा धूर बाहेर सोडायच्या आधी खोलीच्या जमिनीखालून न्यायचा, वरच्या दगडी चिपा तापतात, त्यांच्यावर बसायचं, जेवायचं, झोपायचं. आणि आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे काश्मीरमधले हमाम. मशिदींतून आणि काही जुन्या घरांतून अजून आहेत. दगडी जमिनीखाली लाकडं जळतात आणि वर माणसं निवांत गप्पा मारत बसतात. म्हणजे आपल्याकडे हे नव्हतं असं नाही, जिथे लागत होतं तिथे होतं.

आजचे प्रकार दोन. पहिल्यात जमिनीखाली प्लॅस्टिकचे पाइप वेटोळ्यांनी टाकायचे आणि त्यांतून साधारण पस्तीस डिग्रीचं कोमट पाणी फिरवायचं. ताईकडे आहे तो हाच. त्याला बॉयलर किंवा हीट पंप लागतो. एका खोलीसाठी हे करणं म्हणजे शिंक आली म्हणून हॉस्पिटल बांधणं. दुसरा विजेचा. तारेची पातळ चटई मिळते, काही मिलिमीटर जाडीची, ती लादीखालच्या चिकट मसाल्यात दाबून टाकायची आणि भिंतीवर थर्मोस्टॅट लावायचा. साधारण दीडशे वॉट दर चौरस मीटरला. आईची खोली दहा बाय बारा. पलंग आणि कपाटाखालची जागा सोडायची, कारण तिथे उष्णता कोंडते. उरली सात चौरस मीटर. म्हणजे एक किलोवॉट, छोट्या गीझरपेक्षाही कमी.

मी हिशेब मांडला. रात्री सहा तास चालू ठेवला आणि थर्मोस्टॅटमुळे निम्मा वेळच वीज खाल्ली असं धरलं, तर तीन युनिट. दहा रुपये युनिट धरा. रात्रीचे तीस रुपये. आपल्याकडच्या हिवाळ्याच्या साठ रात्रींचे अठराशे. ऑफिसात हसणाऱ्यांना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते गप्प झाले. त्यांच्या एसीचं मे महिन्यातलं एकट्याचं बिल त्याहून जास्त होतं.

म्हणजे 'परवडत नाही' हे कारण बाद. मला तर आता जोरच चढला.

पण मोजल्याशिवाय बसवायचं नाही एवढी शिस्त अंगात मुरलेली आहे. घरात कोविडच्या वेळची ताप मोजायची गन पडून होती. तिच्यात वस्तूचं तापमान घ्यायचीही सोय असते, बटण दाबून मोड बदलायचा. रोज सकाळी सहाला आणि रात्री दहाला आईच्या खोलीत पाच ठिकाणी लादीचं तापमान घ्यायला लागलो आणि एक्सेलमध्ये भरायला लागलो. आई बघत राहायची. एकदा म्हणाली, "फरशीला ताप आलाय का रं?"

ताप नव्हता, पण गारही नव्हती. जानेवारीतल्या सगळ्यात थंड सकाळी हवा सतरा डिग्री आणि लादी चोवीस! तळमजल्याची जमीन थेट धरणीला टेकलेली असते आणि धरणी वर्षभराची सरासरी धरून बसते. आपल्याकडे ती सरासरी सत्तावीसच्या आसपास येते. त्यामुळे हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा गरम राहते.

मग चोवीस डिग्रीची लादी गार का लागते? तेवढ्याच चोवीस डिग्रीचा पलंगाचा लाकडी पाय हाताला गार लागत नाही. इथे मला माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं (आणि त्यात मिळालेले मार्कही). आपल्या पायाला तापमान कळतच नाही. पायातली उष्णता किती वेगाने निघून चालली आहे, ते कळतं. लादी, दगड, धातू उष्णता भराभर ओढून घेतात. लाकूड, बूच, लोकर घेत नाहीत. पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, घनता आणि उष्माधारणा या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं, की या ओढीचा आकडा मिळतो. मग पाय टेकल्याबरोबर त्वचा आणि जमीन यांच्यामध्ये कुठलं तापमान जुळतं, ते काढता येतं.

तळवा एकतीस डिग्री आणि जमीन चोवीस धरून मी ढोबळ आकडे काढले. ग्रॅनाइटवर पाय टेकला तर संगमाचं तापमान साधारण सव्वीस. व्हिट्रिफाइड लादीवर सत्तावीस. मातीच्या जमिनीवर अठ्ठावीस. लाकडावर एकोणतीस. सगळ्या जमिनी चोवीसच डिग्रीच्या, तरी पायाला चार वेगळ्या वाटणार.

हे बघितलं आणि गावचं घर डोळ्यांसमोर आलं. पाटण तालुक्यातलं, शेणाने सारवलेल्या जमिनीचं. तिथे डिसेंबरात हवा आठ-दहा डिग्रीवर यायची, पण आई त्या जमिनीवर अनवाणी फिरायची आणि कधी तक्रार केल्याचं आठवत नाही. जेवायला बसायचं तर पाट. झोपायचं तर घोंगडी. पाट हा देवाधर्माचा भाग असेल, पण बुडाखाली लाकूड असलं की जमीन ओढून घेत नाही, हेही आपल्या लोकांना पक्कं माहीत होतं. त्यांनी वर्गमूळ काढलं नाही इतकंच.

आता गंमत बघा. लादीवर लाकडासारखं वाटायला हवं असेल, तर लादी किती तापवायची? उत्तर आलं साडेसत्तावीस. म्हणजे अख्खा खटाटोप साडेतीन डिग्रीसाठी! त्यासाठी आधी खाली थर्मोकोलसारखा कडक इन्सुलेशन बोर्ड टाकायचा, नाहीतर निम्मी वीज तळवलीची धरणी तापवण्यात जाणार. बोर्ड, मसाला, चटई, लादी मिळून जमीन दीड-दोन इंच वर येणार. म्हणजे दार खालून कापायचं, आणि हॉलमधून खोलीत शिरताना एक पायरी. पासष्ट वर्षांच्या बाईच्या वाटेत पायरी! सतरंजीत पाय अडकतो म्हणणाऱ्या बाईच्या!

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. दोन कोटेशनं आलेली होती, साठ हजारांच्या आसपासची. ताई म्हणाली निम्मे पैसे मी देते. तिच्या बोलण्यात दुसरंही काहीतरी होतं, ते मलाही कळत होतं. सात हजार किलोमीटरवरून आईचे पाय चेपता येत नाहीत, मग निदान जमीन तरी गरम करू. आणि मी? मी तर एकाच घरात राहून रात्री नऊला येणारा. मलाही काहीतरी भरीव केल्याचं समाधान हवं होतंच. पायरीच्या जागी उतार करू, असं मिस्त्रीशी बोलून मोकळा झालो.

मार्चच्या मध्याला काम सुरू झालं. आईच्या खोलीतल्या लाद्या निघाल्या. आई आत जाऊन बसली होती, हातोडीचा आवाज येत होता तोवर बाहेर आली नाही. नंतर चार धड लाद्या तिने पुसून गॅलरीत ठेवल्या. मी काही बोललो नाही.

लाद्यांखाली जे निघालं ते बघून मिस्त्रीने मान हलवली. खालची वाळू ओली, सिमेंटवर पांढरा खार. लोणा लागलेला. आमच्याकडे काही वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीला घाम फुटायचा, आई दिवसातून चारदा पुसायची, आणि आम्ही हवेला दोष द्यायचो. मिस्त्रीने साधी युक्ती दाखवली. खालच्या कोब्यावर प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. थेंब प्लॅस्टिकच्या वर आले तर हवेतला दमटपणा, खाली आले तर जमिनीतली ओल. सकाळी बघितलं तर खालची बाजू पाण्याने डवरलेली. खाडीकाठची जमीन, त्यात रस्ता दर डांबरीकरणाला वर चढत गेलेला आणि आमचा जोता खाली राहिलेला. पाणी जाणार कुठे? या ओलीवर विजेची तार अंथरायला मी निघालो होतो.

पण खरा धक्का हा नव्हता.

काम चालू असताना आई हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी उशिरा आलो. पंखा फुल्ल. बाहेर अठ्ठावीस डिग्री. आई पायांवर चादर घेऊन पडलेली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "पाय गार पडल्यात."

मी तिथेच उभा राहिलो. दिवसभर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, खोलीत जमीन उरलेलीच नाही. एखादा बग एका मॉड्यूलमुळे येतोय असं तुम्ही महिनोन्‌महिने धरून चालता, मग ते मॉड्यूल काढून टाकता, आणि बग तसाच राहतो. ते जे वाटतं ना पोटात, ते झालं.

चादर बाजूला करून मी तिच्या पावलांना हात लावला. गरम होती. माझ्या हाताइतकीच. उगाच खात्रीसाठी गन आणली. दोन्ही तळवे बत्तीस. "आई, गरम आहेत की पाय." ती म्हणाली, "आतनं गार हायेत." आणि मग डाव्या टाचेजवळ मला तो डाग दिसला. रुपयाएवढा, कडेने तांबूस, मधे कातडी सुटलेली. "हे काय?" तिला माहीतच नव्हतं. तिने वाकून बघायचा प्रयत्न केला, दिसलं नाही. मग म्हणाली, त्या पिशवीने झालं असंल.

गरम पाण्याची पिशवी. मी आणून दिलेली.

तीन महिने मी रोज दोनदा लादीचं तापमान घेतलं. आईच्या पायाचं एकदाही नाही.

आईला मधुमेह आहे, बारा वर्षं झाली. गोळ्या नियमित, साखर 'तशी बरी'. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी पायातल्या नाड्या बघितल्या, त्या ठीक होत्या. मग एक नायलॉनचा जाडसर धागा काढला, पेनासारख्या दांडीला लावलेला. तो त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅम जोराला वाकतो. आईला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, "लागलं की 'हं' म्हणा." तळव्यावर एकेका जागी धागा टेकवत गेल्या. उजव्या पायाला "हं... हं... हं." डाव्या पायाला अंगठ्याखाली टेकवला. आई गप्प. शेजारी टेकवला. गप्प. टाच. गप्प. आई डोळे मिटून वाट बघत होती, कधी टेकवताय म्हणून.

ती शांतता मी विसरणार नाही.

मॅडमनी समजावून सांगितलं. साखरेने नसा खराब होतात, आणि ज्या नसा सगळ्यात लांब त्या आधी, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. खराब झालेली नस नुसती गप्प बसते असं नाही, ती खोटंही बोलते. मुंग्या येतात, आग होते, किंवा पाय गरम असताना गार वाटतात. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर बिघडलेला, आणि मी सेन्सरचं रीडिंग खरं धरून खोली बदलायला निघालो होतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही नसा बिघडतात, म्हणून तीही तपासणी झाली. ते कमी निघालं. त्याची औषधं सुरू झाली.

मी न राहवून विचारलं, "मॅडम, जमीन गरम करणारी सिस्टिम बसवतोय. चालेल?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कँटीनमधलं टेबल आठवलं.

घरी येऊन परत वाचलं, या वेळी तिच्या पायाच्या बाजूने. युरोपातल्या मानकाप्रमाणे राहत्या जागेत जमिनीचा पृष्ठभाग एकोणतीस डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही. तेवढ्याने कोणी भाजत नाही. पण आई दुपारी गादी टाकून खालीच आडवी होते. तापणाऱ्या जमिनीवर गादी किंवा जाड सतरंजी पडली की उष्णता खाली कोंडते आणि तिथलं तापमान चढत जातं. भाजायला उकळतं पाणी लागतं असं आपल्याला वाटतं. चव्वेचाळीस डिग्रीलाही कातडी भाजते, फक्त साधारण सहा तास लागतात. तुम्ही-मी झोपेत पाय काढून घेऊ. जिला लागतच नाही, ती कशाला काढेल? पिशवीने तेच झालं होतं.

मधुमेहाच्या पायाची गोष्ट कुठवर जाते हे आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या काकांच्या, आजोबांच्या बाबतीत बघितलेलं असतं. न कळलेली जखम, मग पू, मग बोट, मग... असो. आईची टाच रोजच्या ड्रेसिंगने पाच आठवड्यांत भरून आली. आमचं नशीब.

फ्लोअर हीटिंग रद्द झालं. ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी कॉलवर तिचा चेहराच बघते रे. पाय कुठे दिसतात?"

आता जमीन कशी केली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी तळमजल्यावरच्या आई-वडिलांच्या घराचं काम काढत असेल तर उपयोगी पडेल. ओली वाळू सगळी उपसली. खाली खडी ठोकून घेतली, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अखंड अंथरला, जोडाच्या जागी एकावर एक घेऊन, कडेने भिंतीवर चढवून. त्यावर काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. लाद्या मॅट, खरखरीत, ओल्या पायाने न घसरणाऱ्या. रंग मुद्दाम फिका आणि साधा घेतला, नक्षी अजिबात नाही. पडलेली टाचणी, काच, किंवा रक्ताचा थेंब लगेच दिसावा म्हणून. पातळी हॉलच्या बरोबर, उंबरठा नाही. पलंगाजवळ बुचाची चटई, जमिनीला चिकटवून टाकलेली, म्हणजे पाय अडकायचा प्रश्न नाही. सकाळचं पहिलं पाऊल तिच्यावर पडतं. हा सगळा खर्च आलेल्या कोटेशनांपेक्षा थोडा कमीच झाला. पुढच्या पावसाळ्यात जमीन घामेजली नाही.

सगळ्यात अवघड काम चपलेचं. मधुमेहाच्या पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळतात. आई ऐकेना. "घरात चपला? देवापुढं?" मी आकडे सांगितले, मॅडमनी रागावून बघितलं, ताईने फोनवर रडून बघितलं. शेवटी आईनेच तोडगा काढला. घरातल्या चपला कधी उंबऱ्याबाहेर न्यायच्या नाहीत, दर सोमवारी साबणाने धुवायच्या, आणि देवघरापुढे बुचाचा वेगळा तुकडा, तिथे काढून ठेवायच्या. "म्हंजे त्या चपला न्हाईतच, पायमोजंच हायेत," असं तिचं लॉजिक. मी कुठलीही हरकत घेतली नाही.

एक्सेलची ती फाइल अजून चालू आहे, फक्त कॉलम बदलले. आता रोज रात्री जेवण झालं की मी खाली बसतो, आईचे पाय मांडीवर घेतो आणि मोबाइलच्या उजेडात तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघतो. दोन मिनिटांचं काम. सुरुवातीला ती फार संकोचायची, मुलाने पाय धरायचे म्हणजे काय! आता टीव्हीवरची नजर न काढता पाय पुढे करते. रविवारी कॉल असतो तेव्हा ताई म्हणते, कॅमेरा खाली कर.

काल बघत होतो तर आई म्हणाली, "आज फरशी गार लागती." बाहेर पाऊस पडत होता. मी हात लावून बघितला. खरंच गार होती. उजव्या पायाला लागली म्हणाली.